कवच, कवटी आणि नाव : दख्खनच्या लुप्त कासवांची कुळकथा

परभणीकडे विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि मुरूम संपला की कातळ. पाणी लागले की खोदकाम थांबते. कातळाच्या खाली काय आहे हे पाहण्यासाठी कोणी विहीर खणत नाही. आम्ही याच मातीवर वाढलो, याच जिल्ह्यात मराठी शिकलो आणि पुढे शिकवीत राहिलो. कासव आम्हांस ठाऊक होते ते देवळातले : महादेवाच्या सभामंडपात, नंदीच्या जवळ, फरशीत बसवलेले दगडी कासव. त्याला ओलांडू नये, हात लावून नमस्कार करावा आणि बाजूने पुढे जावे, असे घरची वडीलधारी मंडळी सांगत. पुढे गीता वाचली तेव्हा दुसऱ्या अध्यायात तेच कासव भेटले : अवयव आत ओढून घेणारे, स्थितप्रज्ञाची खूण पटवणारे. संतवाङ्मयात केवळ दृष्टीने पिलांना पोसणारी कासवी भेटली. या तिघांहून निराळे असे चौथे कासव आम्हांस पुष्कळ उशिरा, शास्त्रीय निबंध चाळताना भेटले. ते स्वतःच दगड झालेले होते. आणि ते आपली मान सरळ आत ओढून घेत नसे, आडवी वळवून कवचाच्या कडेखाली ठेवीत असे.

हा भेद किरकोळ वाटेल, परंतु कासवांच्या साऱ्या वंशावळीची पहिली फाटाफूट याच ठिकाणी होते. आज जगात असलेली कासवे दोन मोठ्या शाखांत मोडतात. एका शाखेतील कासवांची मान उभी वाकते आणि डोके सरळ मागे जाते. दुसरीतील कासवांची मान आडवी वाकते. भारतात आज जिवंत असलेली झाडून सारी कासवे पहिल्या शाखेतील आहेत. आडव्या मानेची कासवे पाहायची तर दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर किंवा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी येथे जावे लागते. असे असता, लाव्ह्याचे थर साचत होते त्या काळात आपल्या दख्खनच्या तळ्यांत आडव्या मानेची कासवे नांदत होती. त्यांना नावे कशी मिळाली, ती कितीदा बदलली आणि का बदलली, हा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकाने तो वाचावा असा आहे. कारण तुटक पुराव्यावरून कर्ता कोण हे ठरवण्याचा जो पेच आपल्यापुढे जुन्या वाङ्मयात पदोपदी येतो, तोच पेच येथे हाडांच्या रूपाने उभा आहे.

आधी कातळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. परभणीच्या पोटातला हा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला आणि थिजलेला लाव्हा. वितळलेल्या दगडात हाडे टिकत नाहीत, म्हणून खुद्द या कातळात कासव शोधणे व्यर्थ आहे. परंतु लाव्ह्याचे सारे लोट एका दमात आले नाहीत. एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत दीर्घ विसावा असे. त्या काळात खळग्यांत पाणी साचे, गाळ बसे, बेडूक, मासे, कासवे तेथे जगत आणि मरत. मग पुढचा लोट त्या गाळावरून वाहत जाई. अशा दोन लोटांच्या मधल्या गाळाला आंतरट्रॅपी थर म्हणतात. याखेरीज, कित्येक ठिकाणी सगळ्या लाव्ह्याच्या खाली त्याहून थोडा जुना गाळ आहे. त्याला जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लामेटा घाटावरून लामेटा थर असे नाव पडले. तेव्हा परभणीच्या माणसाला आपल्या पायाखालच्या काळाची कासवे पाहायची असतील तर कातळाच्या कडा जेथे उघड्या पडतात तेथे जावे लागेल. अशा दोन जागा महाराष्ट्राच्या दोन टोकांना आहेत. पश्चिमेला मुंबई, आणि पूर्वेला, गोदावरी पुढे ज्या प्राणहितेला भेटते तिला पाणी देणाऱ्या वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातले पिसदुरा हे गाव.

मुंबईची कथा आधी घडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वरळी येथील गाळाच्या खडकात लहान बेडकांचे असंख्य सांगाडे सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्या बेडकाला राना पुसिला असे नाव दिले; राना म्हणजे आपल्या परिचयाच्या बेडकांची प्रजाती. याच थरांत कासवाचेही कवच मिळाले. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ साली मुंबई बेटाच्या भूरचनेवर दीर्घ निबंध लिहिला आणि त्यात या कासवाला डॉ. लीथ यांच्या नावावरून टेस्टुडो लीथी असे नाव दिले. येथे नावांची रीत सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा गुंता समजेल. प्राण्याच्या शास्त्रीय नावात दोन पदे असतात. पहिले प्रजातीचे, दुसरे जातीचे. मतदारयादीत आडनाव आधी आणि नाव मागून येते, तसेच हे. आडनाव नात्यागोत्याचा दावा करते. मागचे नाव त्या एका जातीला चिकटलेले राहते. नवा पुरावा आला तर आडनाव बदलू शकते, मागचे पद मात्र नियमाने टिकते. आणि हे नाव कोणत्या तरी एका ठरावीक नमुन्याला बांधलेले असते. तो नमुना म्हणजे त्या नावाची मूळ प्रत. पुढे शंका आली तर साऱ्यांना त्याच प्रतीकडे परतावे लागते.

टेस्टुडो हे जमिनीवरच्या कासवांचे आडनाव. लंडनचे जॉन एडवर्ड ग्रे यांना ते पटले नाही. १८७१ साली त्यांनी वरळीच्या कासवाला हायड्रास्पिस या प्रजातीत बसवले. हायड्रास्पिस ही आडव्या मानेची, गोड्या पाण्यात राहणारी कासवे. पण ती दक्षिण अमेरिकेतील. ग्रे यांनी अर्धे बरोबर वाचले होते. हे कासव आडव्या मानेचे आहे हे त्यांनी ओळखले, आणि मानेचे एकही हाड हाती नसता अशी ओळख पटू शकते, हे येथे ध्यानात घ्यावे. ती कशी, हे सांगण्यासाठी कवचाची घडण थोडी पाहू.

कासवाचे कवच ही वरून घातलेली पेटी नव्हे. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्याच कवचात मिसळलेले असतात. पाठीचे कवच वर, पोटाचे खाली, आणि दोहोंना जोडणारा पूल बाजूला. प्रत्येकात दोन थर असतात. आत हाडांच्या पाट्या आणि बाहेर शिंगासारख्या द्रव्याच्या ढाली. मेल्यावर ढाली गळून जातात, परंतु दोन ढालींच्या सीमेवर हाडात जी चर पडलेली असते ती टिकते. म्हणून जाणकाराला एकाच तुकड्यावर दोन नकाशे वाचता येतात : हाडांच्या सांध्यांचा आणि नाहीशा झालेल्या ढालींचा. आडव्या मानेच्या शाखेत याखेरीज एक मोठी खूण असते. या कासवांच्या कमरेची हाडे पोटाच्या व पाठीच्या कवचाला पक्की सांधलेली असतात. कमर निखळून गेली तरी सांध्याचा वण कवचाच्या आतल्या बाजूला उरतो. मान कशी वाकत होती हे अशा रीतीने कमरेजवळच्या वणावरून कळते.

इथपर्यंत कवच विश्वासू साक्षीदार आहे. परंतु शाखा सांगितल्यावर घर विचारले की त्याची जीभ अडखळू लागते. कवचाचा घाट वयानुसार बदलतो, नर-मादीत बदलतो, एकाच तळ्यातील दोन कासवांतही पाट्यांची मांडणी सारखी असेलच असे नाही. उलट, दूरच्या दोन कुळांतील कासवे सारख्याच पाण्यात सारखेच जीवन जगली तर त्यांची कवचे सारखी दिसू लागतात. ग्रे यांची फसगत इथे झाली. त्यांनी दिलेले आडनाव खरे मानले तर मोठाच अर्थ निघत होता. हायड्रास्पिस ज्या चेलिडी कुळातील, ते कुळ आज दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनी एवढ्यातच आढळते. मुंबईचे कासव त्या कुळाचे ठरले तर ते कुळ एके काळी आशियातही पसरले होते असे मानणे भाग पडे. एका कवचाच्या एका आडनावावर एवढी इमारत उभी राहत होती.

ती ८२ वर्षांनी उतरवली गेली. १९५३ साली हार्वर्डचे अर्नेस्ट विल्यम्स यांनी चेलिडी कुळाच्या विस्ताराचा अभ्यास करताना मुंबईचे हे कासव पुन्हा पाहिले आणि ते त्या कुळातले नसून पेलोमेडुसिडी या, मुख्यतः आफ्रिकेत वसलेल्या, समूहातले आहे असा निर्णय दिला. या दोन समूहांना वेगळे करणारी एक खूण पोटाच्या कवचात असते. पेलोमेडुसिडी आणि त्यांच्या नातलगांच्या पोटावर, पुलाला लागून, दोन्ही बाजूंना एकेक लहान जादा हाड असते. चेलिडींमध्ये ते नसते. विल्यम्स यांनी या कासवाला कार्टर यांच्या सन्मानार्थ कार्टरेमिस असे नवे आडनाव दिले. ग्रीक भाषेत एमिस म्हणजे कासव. दरम्यान, वरळीच्या त्या बेडकाचेही आडनाव बदलले होते : १९३० साली जी. के. नोबल यांनी तो राना नव्हे असे दाखवून त्याला इंडोबॅट्राकस ही स्वतंत्र प्रजाती दिली. एकाच तळ्यातील दोन रहिवाशांना आधी ओळखीच्या घरात घालून मग बाहेर काढावे लागले. ओळखीचे नाव सहज जवळ येते, आणि म्हणूनच ते सर्वांत आधी तपासावे लागते.

आता पूर्वेकडे वळू. पिसदुरा हे भूशास्त्राच्या इतिहासात जुने गाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांचे नाव तेथील महाविद्यालयाला आहे, त्यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात येथील हाडांची नोंद केली होती. येथे लाव्ह्याखालचा लामेटा गाळ शेतांतच उघडा पडतो. महाकाय शाकाहारी डायनोसॉरांची हाडे, मासे, कासवे आणि दगड झालेली विष्ठा येथून मिळाली आहे. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विष्ठेत गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण दाखवले, तेव्हा डायनोसॉरांच्या काळीही गवत होते ही गोष्ट जगाला पटली. परंतु आपण कासवाकडे पाहू.

कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील सोहनलाल जैन यांनी १९७७ साली पिसदुऱ्याच्या कासवाचे वर्णन केले. यावेळी आधार कवचाचा नव्हता, कवटीचा होता. कवटी हे कासवाचे दुर्मीळ अंग. कवच जाड, ओझे सोसणारे. कवटी लहान, सांध्यांवर सुटणारी, वाहत्या पाण्यात मानेपासून लवकर वेगळी होणारी. म्हणून जगभर कवचाचे तुकडे टोपलीभर मिळतात आणि कवटी क्वचित. मात्र ती मिळाली तर पुष्कळ बोलते. कानाभोवतीची हाडे एकमेकांना कोठे टेकतात, कवटीच्या तळाशी कोणते हाड कोणत्या हाडाला अडवते, रक्तवाहिनीची वाट कोठून जाते, टाळू रुंद की अरुंद. अशा अनेक खुणा तेथे एका मुठीएवढ्या जागेत गोळा झालेल्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा बाहेरच्या राहणीने सहजी बदलत नाहीत. जैन यांनी या कासवाला श्वेबोएमिस पिसदुरेन्सिस असे नाव दिले. श्वेबोएमिस ही ब्रह्मदेशातील श्वेबो गावाच्या नावाची प्रजाती, १९३९ साली स्विंटन यांनी स्थापिलेली, आणि पिसदुऱ्याहून कित्येक कोटी वर्षांनी अलीकडची. पिसदुऱ्याच्या कासवाला मिळालेले हे पहिले आडनाव. १९८६ साली जैन यांनी पिसदुऱ्याजवळच्या डोंगरगाव येथील आणखी अवशेषांचे वर्णन केले आणि भारतातील या समूहाच्या साऱ्या कासवांचा आढावा घेतला.

येथे आम्ही थोडे थांबून आपल्या क्षेत्रातील एक गोष्ट आठवू इच्छितो. गोदाकाठचे गंगाखेड, म्हणजे जनाबाईंचे गाव, आमच्याच जिल्ह्यात आहे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून जिला मान दिला जातो ती नरसी, १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत, परभणी जिल्ह्यातच होती. नामदेवांच्या गाथेत हात घालणाऱ्या प्रत्येकाला एक अडचण माहीत असते. अभंगाच्या शेवटी ‘नामा’ ही मुद्रा असली म्हणजे तो तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांचा, असे म्हणून चालत नाही. महाभारत मराठीत आणणारा सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हाही नामाच होता, आणि दोघांची रचना पुढच्या बाडांतून एकमेकांत मिसळली. जनाबाईंच्या मुद्रेखालीही सारे एकाच हातचे आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही. मुद्रा ही काव्याची बाहेरची, टणक, सर्वांत आधी नजरेत भरणारी बाजू. ती टिकते, परंतु ती सामाईक असू शकते. अभ्यासक मग आत शिरतो : क्रियापदांची रूपे, जुने प्रत्यय, शब्दांची ठेवण, कथेतील तपशील पाहतो. भाषेचे हे सांधे कोणी मुद्दाम बदलायला जात नाही, म्हणून त्यांच्या साक्षीला वजन असते. कवच आणि कवटी यांतला भेद आम्हांस प्रथम समजला तो या मार्गाने.

उपमा फार ताणू नये हेही खरे. कासव कोणाची मुद्रा उसनी घेत नाही. त्याच्या साम्यामागे सारख्या पाण्यात, सारख्या अन्नावर काढलेली लाखो वर्षे असतात. आणि कवटीही फसवू शकते. कठीण अन्न चिरडणाऱ्या कासवांमध्ये रुंद टाळू एकाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे तयार झालेला आहे. तेव्हा केवळ कवटी आहे एवढ्याने नाते सिद्ध होत नाही. कोणती खूण पोटासाठी बदलते आणि कोणती वंशाने येते, हे पुष्कळ कवट्या शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही. १९७७ साली भारतातील अशा कवट्या शेजारी ठेवण्याजोग्या नव्हत्याच. त्यामुळे जैन यांनी दूरचे आडनाव दिले यात त्यांचा दोष थोडा, काळाचा अधिक.

शेजार पुढच्या पिढीत मिळाला. २००१ साली तमिळनाडूतील अरियलूर भागातील कल्लमेडू येथून कवट्या आणि कवचे असा भरीव ऐवज पुढे आला. यूजीन गॅफनी, शंकर चटर्जी आणि धीरज रुद्र यांनी त्याला कूर्मादेमिस कल्लमेडेन्सिस म्हटले. गीतेतला आणि देवळातला कूर्म असा शास्त्रीय नामावळीत आला. दोनच वर्षांनी, २००३ साली, पाळी पुन्हा मुंबईची होती. जोगेश्वरीच्या आंबोली खाणीतील आंतरट्रॅपी थरातून एक कवटी मिळाली होती. गॅफनी, साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला संकुचेमिस सेठनाई असे नाव दिले. त्यातील दुसरे पद मुंबईचे भूशास्त्रज्ञ सेठना यांच्या सन्मानार्थ आहे. या दोन्ही कवट्यांच्या तळाशी कानाजवळचे हाड कवटीच्या मागच्या हाडाला जाऊन टेकलेले होते. ही खूण बोथ्रेमिडिडी नावाच्या, आता समूळ नष्ट झालेल्या कुळाची. २००६ साली गॅफनी, टोंग आणि मेलन यांनी या कुळाचा प्रचंड आढावा प्रसिद्ध केला, त्यात भारतीय कासवांच्या पोटसमूहाला कूर्मादेमिडिनी असे नाव मिळालेले दिसते. २००९ साली मादागास्करमध्ये किंकोनिकेलिस हे कासव सापडले आणि तेही याच पोटसमूहात बसले.

आता पाहा : १८७१ साली मुंबईच्या कासवाचे नाते दक्षिण अमेरिकेशी लावले होते, कवट्या बोलल्यानंतर ते मादागास्करशी लागले. भारत आणि मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले. त्याआधी दोन्ही भूमी एक होत्या. दोन्हीकडे जवळच्या नात्यातील गोड्या पाण्याची कासवे आढळावीत यात तुटलेल्या घराची आठवण आहे. नाव चुकले असते तर भूगोलही चुकला असता.

मात्र मुंबईत एक गाठ उरली. वरळीचे जुने नाव, लीथी, मुख्यतः कवचावर बेतलेले. आंबोलीचे नवे नाव, सेठनाई, कवटीवर बेतलेले. एकाच शहरातील ही दोन्ही नावे एकाच जातीची असतील काय? कवचाची तुलना कवटीशी करता येत नाही; दोन्ही एकाच सांगाड्यात, एकमेकांजवळ मिळाल्याशिवाय उत्तर निघत नाही. अशा वेळी दोन मोह असतात. एक, दोघांना एक ठरवून जुने नाव पुढे चालवण्याचा. दुसरा, जुने नाव टाकून देण्याचा. शास्त्राने दोन्ही टाळले : कवटीला तिचे वेगळे नाव दिले आणि जुने नाव त्याच्या मूळ कवचापाशी राहू दिले. आपल्या संपादकांनी नाम्याच्या कित्येक अभंगांबाबत हेच करायला हवे होते. संशयित रचना वेगळी छापावी, कोणाच्याही पदरात घालू नये, आणि ती काढूनही टाकू नये. कर्ता न ठरवणे हाही एक निर्णयच असतो, आणि कित्येकदा तोच सर्वांत कष्टाचा.

पिसदुऱ्याच्या कासवाला मात्र पुढे न्याय मिळाला. त्याच्या बाबतीत कवटीही होती आणि कवचेही. २०२० साली स्वित्झर्लंडच्या फ्रिबूर्ग विद्यापीठाचे वॉल्टर जॉयस आणि कोलकात्याच्या त्याच संस्थेतील शाश्वती बंद्योपाध्याय यांनी जैन यांनी अभ्यासलेला ऐवज पुन्हा हाती घेतला. ब्रह्मदेशाच्या कासवाशी त्याचे नाते टिकत नव्हते. ते बोथ्रेमिडिडी कुळातील, कूर्मादेमिस आणि संकुचेमिस यांच्या जवळचे ठरले. त्यांनी त्याला नवी प्रजाती दिली आणि तिचे नाव ठेवले जैनेमिस. आज ते कासव जैनेमिस पिसदुरेन्सिस आहे. ज्याने चुकीचे आडनाव दिले त्याचेच नाव दुरुस्त आडनावात आले, हे आम्हांस विशेष वाटते. चूक दाखवणे आणि कृतज्ञता व्यक्त करणे ही दोन्ही कामे एका शब्दात झाली. आपल्या वाङ्मयीन वादांत हे क्वचित घडते. तेथे पूर्वसूरीचे मत खोडले की त्याचे नाव तळटीपेत ढकलले जाते. जैन यांचे मत खोडता आले, कारण त्यांनी नमुना जपला होता, कोठून मिळाला ते लिहून ठेवले होते, आणि आपण कशाच्या आधाराने बोलतो हे लपवले नव्हते. खोडता येईल असे लिहून ठेवणे हीच त्यांची खरी कमाई.

आणखी एक गोष्ट. या साऱ्या उलथापालथीत दुसरे पद ढळले नाही. ब्रह्मदेशाचे आडनाव आले आणि गेले, कोलकात्याच्या संशोधकाचे आडनाव आले; पिसदुरा मात्र जागच्या जागी राहिले. वरोरा तालुक्यातील एका खेड्याचे नाव नियमाने त्या कासवाला चिकटलेले आहे आणि राहील. आडनाव हे आपले अनुमान, गावाचे नाव हा पुरावा. कोणी, कोठे, कोणत्या थरात पाहिले, ही नोंद असेल तर अनुमाने पन्नास वेळा बदलोत, काही बिघडत नाही. ती नोंद नसेल तर सर्वांत देखणे कवचही मुके होते.

नेमकी हीच नोंद आता धोक्यात आहे. वरळीच्या ज्या थरांनी १८४७ आणि १८५२ साली बेडूक व कासव दिले, त्यांच्यावर आज शहर उभे आहे. जोगेश्वरी हे उपनगर आहे. तेथे खाणीपेक्षा जागेला भाव अधिक. पिसदुऱ्यात पाऊस आणि नांगर दर वर्षी नवी हाडे वर आणतात आणि दर वर्षी काही हाडे झिजवूनही टाकतात. आमच्या घरी आजोबांच्या मागे दोन जुनी बाडे निघाली होती. कोणाची, कोणत्या काळातील, हे कोणी पाहिले नाही. घरातील मंडळींनी ती श्रद्धेने गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडली. त्यांत कदाचित पोथीची शंभरावी नक्कल असेल, कदाचित एखाद्या अभंगाचा निर्णय लावणारी ओळ असेल. आता ते कळण्याचा मार्ग नाही. श्रद्धेने सोडलेले बाड आणि अज्ञानाने बांधावर फेकलेला तुकडा, दोघांचे नुकसान एकच : त्यांच्याविषयी चूक करण्याचीही संधी पुढच्याला उरत नाही.

देवळातील कासवाला ओलांडू नये असे आम्हांस लहानपणी शिकवले ते आता निराळ्या अर्थाने पटते. विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगतो की शेतात, खाणीत, विहिरीच्या ढिगाऱ्यात चर पडलेल्या पाट्यांसारखा काही दगड दिसला तर तो घरी आणून शोकेसमध्ये ठेवू नये; तो जेथे आहे तेथेच राहू द्यावा, जागेची खूण लिहावी, आणि जाणत्याला कळवावे. बाडाच्या बाबतीतही तेच. नाव नंतर ठरेल, चुकेल, पुन्हा ठरेल. त्याला वेळ आहे. वेळ नाही तो जागेची नोंद करण्याला.